हरण्याची तालीम

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो ‘अपयश’. ऐकताच नेहमीची माणसं डोळ्यांसमोर आली. बुडालेला धंदा पुन्हा उभा करणारे, निवडणुकीत पडून परत निवडून आलेले, चौथ्या प्रयत्नात अधिकारी झालेले. पण या सगळ्यांच्या गोष्टी यश मिळाल्यानंतर सांगितल्या जातात आणि त्यातलं अपयश तोवर शोभेचं झालेलं असतं. मला हरत असलेली माणसं पाहायची होती. आज हरलो, उद्याही बहुधा हरणार, हे ठाऊक असून संध्याकाळी त्याच जागी येऊन बसणारी. ती मला कामोठ्यात भेटली, एका व्हिडिओ गेमसमोर.

मानसरोवरच्या या बाजूला

हार्बर लाइनवर खारघर गेलं की मानसरोवर आणि मग खांदेश्वर. कामोठ्यातली नोकरदार माणसं संध्याकाळी या दोन स्टेशनांवर उतरतात आणि रिक्षांच्या रांगेकडे वळतात. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, त्याच्या पलीकडे कळंबोलीचं लोखंड मार्केट. आत सिडकोने आखलेले सेक्टर आणि त्या सेक्टरांच्या मध्ये जुनं कामोठे गाव, जुई गाव. गावं आगरी-कोळ्यांची, सेक्टर घाटावरून, कोकणातून आणि मुंबईच्या चाळींतून आलेल्या कुटुंबांचे. २०१६ साली पनवेल महापालिका झाली, तेव्हा हा सगळा भाग तिच्यात आला.

इथल्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खेळायला वेगळी खोली नसते. हॉलमध्ये आईची मालिका चालू असते, वडील मोबाइलवर बातम्या पाहत असतात आणि त्याच हॉलच्या कोपऱ्यात, जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा ठेवून लॅपटॉप उघडलेला असतो. कानात इअरफोन. खाली सोसायटीच्या कट्ट्यावर मुलं घोळक्याने मोबाइलवर बीजीएमआय खेळतात, त्यांचा आरडाओरडा तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. कोपऱ्यातला खेळ मात्र शांतपणे चालतो.

मी ज्या घरी गेले तिथे हा खेळ भाऊ-बहीण मिळून खेळतात. भाऊ कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब पाहतो, बहीण नर्सिंग शिकते. खेळाचं नाव ‘एंटर द गंजन’. अमेरिकेतल्या डॉज रोल नावाच्या छोट्या चमूने तो बनवला आणि एप्रिल २०१६ मध्ये डिव्हॉल्व्हर डिजिटलने बाजारात आणला. जुन्या, साध्या लॅपटॉपवरही तो चालतो. गेमिंगच्या महागड्या मशीनसाठी पैसे नसलेल्या घरात तो पोचला त्याचं हे एक मोठं कारण आहे.

एक रन

या खेळाच्या प्रकाराला रोगलाइक शूटर म्हणतात. खेळाडू एका तळघरात उतरतो. खोल्यांमागून खोल्या, प्रत्येक खोलीत शत्रू, मजल्याच्या शेवटी एक मोठा बॉस. बॉसला हरवलं की खालचा मजला. असे पाच मजले. वाटेत मेलात तर सगळं गेलं. जमवलेल्या बंदुका, नाणी, किल्ल्या, काही उरत नाही आणि सुरुवात पुन्हा पहिल्या मजल्यापासून. शिवाय पुन्हा उतरताना तळघर बदललेलं असतं. एकेक खोली माणसांनी हाताने रचलेली आहे, पण कुठली खोली कुठे लागेल, खजिन्याच्या पेटीत काय निघेल, शेवटी कुठला बॉस समोर येईल, हे दर वेळी नव्याने ठरतं. अशा एका फेरीला ही मुलं ‘रन’ म्हणतात.

शत्रू म्हणजे हातपाय फुटलेली काडतुसं. रक्त नाही, प्रेतांचा खच नाही. बंदुकांमध्ये पिस्तुलं आणि रायफली आहेत, तशी पत्रं फेकणारी टपालपेटी आहे आणि मधमाश्या सोडणारं पोळंही आहे. चेहरा विनोदी असला तरी खेळ अत्यंत कडक आहे. पडदा भरून रंगीत गोळ्या येतात. कधी वर्तुळात, कधी पंख्यासारख्या, कधी ओळीने. त्यांच्यातून सुटायचं एक साधन म्हणजे कोलांटी. कोलांटीत पाय जमिनीवरून सुटलेले असतात तेवढा वेळ गोळी लागत नाही. पाय टेकले की लागते. म्हणजे उडी सुरुवातीला तारते आणि शेवटी उघड्यावर टाकते. घाबरून कोलांट्या मारणारा नेमका पाय टेकतानाच मरतो.

दुसरं साधन म्हणजे ब्लँक. तो वापरला की पडद्यावरच्या सगळ्या गोळ्या एका क्षणात नाहीशा होतात, पण मजल्याच्या सुरुवातीला हाताशी दोनच असतात. तिसरं साधन टेबल. खोलीतलं टेबल उलथवायचं आणि त्याच्या आड दबा धरायचा. टेबलही गोळ्या खाऊन मोडतंच.

“काकू, गोळ्यांकडे बघायचंच नाही,” भावाने मला समजावलं. “गोळ्यांच्या मधली मोकळी जागा बघायची. पहिले काही महिने मी गोळ्याच बघत होतो.”

बहिणीचं म्हणणं वेगळं. “दादा खोलीत शिरला की लगेच ट्रिगर दाबतो. मी आधी टेबल कुठे आहे ते बघते, मग दार कुठे आहे ते.”

दोघं एकत्र खेळतात तेव्हा त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटला. दोघांपैकी एक मेला तर दुसऱ्याने पुढची पेटी उघडल्यावर तो परत येतो. मात्र त्या पेटीतून मग बंदूक निघत नाही. जिवंत उरलेल्याला खजिन्याऐवजी जोडीदार मिळतो. त्या संध्याकाळी भाऊ दुसऱ्या मजल्यावर मेला. बहिणीचं आयुष्यही अर्ध्या बदामावर आलं होतं. तिने पेटी उघडली, भाऊ उठला आणि पुढच्याच खोलीत दोघंही मेले. दोघं मोठ्याने हसले. मग बहीण म्हणाली, “तू डावीकडे का पळालास? डावीकडे मी होते.” पुढची पाच-सात मिनिटं चर्चा फक्त त्या डावीकडच्या पळण्याची.

अक्षरांच्या तळघरातून

या प्रकारच्या खेळांचं मूळ १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात सापडतं. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला, पुढे बर्कलीत केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. त्या खेळाच्या पडद्यावर चित्रं नव्हती, फक्त अक्षरं. खेळाडू म्हणजे ‘@’ हे चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजी लिपीतली मोठी अक्षरं. त्या काळातले साहसी खेळ एकदा सुटले की संपत, कारण गोष्ट तीच राहायची. ‘रोग’मध्ये संगणकच दर वेळी नवं तळघर रचायचा. त्यामुळे खेळ लिहिणाऱ्यालाही पुढच्या दाराआड काय आहे ते ठाऊक नसे. आणि मेलं की मेलं.

याच धर्तीवर पुढे इतके खेळ निघाले की २००८ साली बर्लिनमध्ये अशा खेळांचे कर्ते जमले आणि कशाला रोगलाइक म्हणावं याची लक्षणं त्यांनी लिहून काढली. त्याच वर्षी डेरेक यूच्या ‘स्पेलंकी’ने हे नियम उड्या मारायच्या खेळात आणले. २०११ मध्ये ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ने त्यांना नेमबाजीची जोड दिली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधून ‘न्यूक्लिअर थ्रोन’ आला, पुढच्या वर्षी ‘गंजन’. २०२१ मध्ये फिनलंडच्या हाउसमार्कने ‘रिटर्नल’ काढला आणि हा कोपऱ्यातला प्रकार थेट प्लेस्टेशन ५ वर मोठ्या खर्चाने मांडला. ‘रिटर्नल’ला २०२२ मध्ये सर्वोत्तम खेळाचं बाफ्टा पारितोषिक मिळालं. आपल्याकडेही प्रयत्न झाला. हैदराबादच्या ओगरहेड स्टुडिओने २०१७ मध्ये ‘असुरा’ आणला. तो तलवारीचा खेळ आहे, पण नियम याच घराण्याचे. मेल्यावर पुढच्या जन्मात असुराच्या शक्तींची मांडणीच बदलते.

नशीब किती, हात किती

या खेळांवर पहिला आक्षेप नशिबाचा असतो. पेटीत चांगली बंदूक निघाली तर जिंकलो, नाही तर मेलो, मग यात कसब ते काय?

आपल्या परंपरेत नशिबाचा एक मोठा खेळ आहे, मोक्षपट. त्याचं श्रेय परंपरेने ज्ञानेश्वरांना दिलं जातं. शिडी पुण्याची, साप पापाचा आणि शेवटी मोक्ष. त्यात सापाच्या तोंडी जाणं दानावर अवलंबून असतं. शंभर डाव खेळलेला आणि पहिल्यांदाच बसलेला, दोघांना साप सारखाच गिळतो. गंजनमध्येही फासे पडतात, पण ते साप कुठे बसवायचे एवढंच ठरवतात. साप गिळणार की नाही हे खेळणाऱ्याच्या हातात राहतं.

याचा पुरावा मला कामोठ्यातच दिसला. भावाला त्या संध्याकाळी एका रनमध्ये पेट्यांतून काहीच धड मिळालं नाही. सुरुवातीचं साधं पिस्तूल हातात. या पिस्तुलाच्या गोळ्या कधी संपत नाहीत, इतर बंदुकांच्या मोजक्या असतात. म्हणून अनुभवी खेळाडू चांगली बंदूक मिळाली तरी साध्या खोल्यांमध्ये साधं पिस्तूलच चालवतो आणि भारी दारूगोळा बॉससाठी राखून ठेवतो. पहिल्या मजल्याच्या शेवटी तीन बॉसपैकी कुणीही एक येऊ शकतो. कधी सिंहासनावर बसून गोलाकार गोळ्या फेकणारा राजा, कधी पिळदार अंगाचा, मशीनगन घेतलेला पक्षी, कधी जुळे भाऊ. जुळ्यांमधला एक मेला की दुसरा चवताळतो, म्हणून कुणाला आधी मारायचं याचा विचार करावा लागतो. त्या दिवशी पक्षी आला. भावाने साध्या पिस्तुलाने त्याला हरवलं आणि स्वतःला एकही गोळी लागू दिली नाही. असं जमलं तर खेळ बक्षीस म्हणून आयुष्याचा एक बदाम वाढवून देतो. नशिबाने नाकारलेलं त्याने हाताने मिळवलं होतं.

दर वेळी तळघर बदलतं म्हणून पाठांतर कामाला येत नाही. ‘तिसऱ्या दारानंतर उजवीकडे शत्रू’ असं घोकून ठेवलं तर पुढच्या रनमध्ये ते निरुपयोगी. शत्रूचा स्वभाव ओळखावा लागतो. हा गोळी झाडण्यापूर्वी जरा थबकतो, तो मेल्यावर फुटतो, त्याच्या गोळ्या वळतात. नव्या खोलीत, नव्या घोळक्यात हे ज्ञान जुळवून वापरावं लागतं. बाकी सगळं हिरावून घेतल्यावर एवढंच शिल्लक राहतं आणि ते खेळणाऱ्याचं स्वतःचं असतं. अवघड रोगलाइक खेळावा असं मी म्हणते ते मुख्यतः यासाठी.

विकत न मिळणारी ताकद

खालच्या कट्ट्यावरच्या मोबाइल खेळांची अर्थव्यवस्था वेगळी आहे. बरेच खेळ फुकट मिळतात आणि मग हळूहळू पैसे मागतात. कुठे पोशाखासाठी, कुठे बंद पेटीसाठी, कुठे थेट ताकदीसाठी. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं, म्हणून मूल दिवाळीतही लॉग-इन करतं. हरलेल्याला तिथे दोन वाटा दाखवल्या जातात, आणखी वेळ द्या किंवा पैसे द्या.

याहून घातक होते पैसे लावायचे खेळ. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट यांनी किती घरांमध्ये कर्ज आणि भांडणं आणली ते वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्या कायद्याने बाजूला ठेवला, पैसे लागले की बंदी. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ त्याने वेगळे काढले.

गंजनसारखा खेळ एकदा विकत घ्यायचा. २०१९ च्या जूनमध्ये एपिक या कंपनीच्या ऑनलाइन दुकानाने तो आठवडाभर फुकटही वाटला होता. त्यानंतर तो कधी पैसे मागत नाही. पेट्या आहेत, पण त्यांची किल्ली खोल्या पार करताना सापडते किंवा खेळातल्याच नाण्यांनी घेता येते. इंटरनेट नसलं तरी चालतो. चार दिवस उघडला नाही तरी काही बुडत नाही. आणि वडिलांचा पगार कितीही असला तरी बॉसच्या गोळ्या चुकवायला त्याचा उपयोग होत नाही. सेक्टरातल्या टू बीएचकेमधला मुलगा आणि गावठाणातल्या बैठ्या घरातला मुलगा त्या पक्ष्यासमोर सारख्याच सामग्रीनिशी उभे राहतात. अशी समान जागा मुलांना फार कमी ठिकाणी मिळते.

आईचे प्रश्न

त्या घरातल्या आईने मला विचारलं, “ताई, तुम्ही याच्यावर चांगलं लिहिणार? माझं तर म्हणणं, जेवण गार होतं.”

तिची तक्रार खरी आहे. ‘एकच रन’ म्हणून बसलेलं मूल उठत नाही, हे या खेळांचं वास्तव आहे. मरणं आणि पुन्हा सुरू होणं यांत जेमतेम काही क्षण जातात, त्यामुळे थांबायची नैसर्गिक जागाच उरत नाही. ‘रिटर्नल’ आला तेव्हा त्यात रन मध्येच जतन करायची सोय नव्हती आणि एक रन दोन-दोन तास चालायचा. खेळाडूंनी तक्रारी केल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये ती सोय दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद केली आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. लक्षणं स्पष्ट आहेत. खेळावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. यातलं काही घरात दिसत असेल तर डॉक्टरांकडे जावं. माझा लेख त्या मुलासाठी नाही.

बाकीच्यांसाठी या घराने एक साधा नियम केला आहे. रन चालू असेल तर तो संपू द्यायचा. संपला की लॅपटॉप बंद, मग बॉसपाशी मेलेला असो की पहिल्या खोलीत. गंजनमध्ये सगळे मजले उतरायला साधारण तासभर लागतो आणि बहुतेक रन त्याच्या बरेच आधी आटोपतात. एकटं खेळताना हवं तेव्हा थांबवताही येतं. हा नियम मुलांनी मानला, कारण तो खेळ समजून घेऊन केलेला होता. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ हे त्यांच्या कानाला अन्याय वाटायचं.

अशा खेळांनी मुलं हुशार होतात का? २००३ मध्ये शॉन ग्रीन आणि डाफ्ने बाव्हलिए यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की वेगवान अ‍ॅक्शन खेळ खेळणाऱ्यांची दृष्टी एकाच वेळी जास्त गोष्टींवर लक्ष ठेवू शकते. तो अभ्यास महत्त्वाचा आहे, पण त्यावरून गणिताचे मार्क वाढतील अशी आशा कुणी धरू नये. खेळ खेळावा तो खेळ म्हणून.

भूतकाळाला मारणारी बंदूक

गंजनच्या तळाशी एक बंदूक आहे, भूतकाळाला मारणारी. तळघरात उतरणाऱ्या प्रत्येक पात्राला मागे काहीतरी सलतं आहे. सैनिक आपल्या सोबत्यांना संकटात सोडून पळाला होता. वैमानिकाने आपल्या जोडीदाराला दगा दिला होता. तळाशी पोचून ती बंदूक चालवली की ते आपल्या आयुष्यातल्या त्या एका क्षणात परत जातात आणि तो वेगळ्या तऱ्हेने जगायची एक संधी त्यांना मिळते. पण त्यासाठी लागणारी गोळी तयार मिळत नाही. तिचे भाग वेगवेगळ्या मजल्यांवरून गोळा करून लोहारणीकडे न्यावे लागतात.

कामोठ्यातल्या पोरांच्या आयुष्यात अपयशाला अशी दुसरी फेरी सहज मिळत नाही. नीटचा एक प्रयत्न म्हणजे एक वर्ष आणि क्लासची फी. पोलीस भरतीत मैदानावर काही सेकंद जास्त लागले तर पुढच्या जाहिरातीची वाट. एमपीएससीत वयाची अट. तिथे हरणं इतकं महाग असतं की ‘मी कुठे चुकलो’ हा प्रश्न शांतपणे विचारायची सवडच मिळत नाही. नातेवाईक विचारतात तो वेगळा प्रश्न, ‘झालं का काही?’

डॅनिश अभ्यासक जेस्पर यूल यांनी २०१३ मध्ये ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ हे पुस्तक लिहिलं. माणूस एरवी अपयश टाळतो, मग ज्या खेळात हमखास हरणार तो मुद्दाम का शोधतो, हा त्यांचा प्रश्न. कामोठ्यातल्या त्या टेबलाजवळ बसून मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. इथे हरण्याची किंमत कमी असते आणि कारण स्पष्ट दिसतं. आपण मेलो कारण कोलांटी लवकर मारली. ब्लँक शिल्लक होता, वापरला नाही. डावीकडे पळालो आणि डावीकडे बहीण होती. हरण्याचं कारण स्वतःच्या हातात शोधायचं, त्यासाठी स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत आणि परत उतरायचं. ही सवय अंगी बाणायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तिची तालीम देणारी दुसरी स्वस्त जागा मला ठाऊक नाही. या सवयीने कुणाची भरती होईल असं मी म्हणत नाही. पण ज्याला हरल्यावर नीट विचार करता येतो, त्याचा पुढचा प्रयत्न आधीच्यापेक्षा बरा होतो, एवढं मी नक्की म्हणेन.

खेळायचं तर

सोपं रूप आधी शोधू नका. सुरुवातीला पहिल्या मजल्यावरच मराल, सगळेच मरतात. नव्या खोलीत शिरल्यावर क्षणभर थांबा, टेबल बघा, दार बघा. ब्लँक मरेपर्यंत जपून ठेवू नका. रनची संख्या आधी ठरवा आणि ती पाळा. जमलं तर एखाद्या जोडीदाराबरोबर खेळा, कारण मेल्यानंतरची चर्चा हा या खेळाचा अर्धा आनंद आहे.

आणि घरात असं कुणी खेळत असेल तर एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा. ‘जिंकलास का?’ हे विचारू नका, बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘कसा मेलास?’ असं विचारा. जे मूल या प्रश्नाचं नीट, सविस्तर आणि न लाजता उत्तर देतं, त्याचा वेळ वाया गेलेला नाही.